दुसऱ्या मजल्याचा टीटीबी राहून गेला

कारखान्यात कुणी नवीन कामाला लागलं की मिस्त्री पहिल्याच दिवशी बजावून सांगायचे, "पत्रा मोजायचा, भोक पाडायचं, तार ओढायची. ताईंच्या ड्रॉइंगमध्ये चूक शोधत बसायचं नाही. माझी सोळा वर्षं त्यात गेली, हाताला काही लागलं नाही."

ताई म्हणजे तिथल्या ड्रॉइंग काढणाऱ्या बाई. कारखाना विजेच्या पॅनलचा. दुकानं, कार्यालयं असलेल्या इमारतीत जिन्याखाली किंवा तळघरात माणसापेक्षा उंच, राखाडी रंगाची कपाटं असतात ना, ती. रस्त्यावरून आलेली जाडजूड केबल त्यात शिरते, तिथून प्रत्येक गाळ्याची वीज वेगळी होते आणि प्रत्येकाचं मीटर काचेआडून आकडे दाखवत बसतं. वीज आहे तोवर त्या कपाटाची कुणाला आठवणही येत नाही.

ताई एकोणिसाव्या वर्षी तिथे लागल्या. तेव्हा ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने काढायची, आणि चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची. जरा जोर जास्त झाला की कागद फाटायचा आणि दोन दिवसांचं काम मातीत. त्या खरवडण्याच्या धास्तीनेच आपल्याला नीट बघायची सवय लागली, असं त्या म्हणायच्या. पुढे कॉम्प्युटर आला, चाळिशीत त्या तोही शिकल्या. पण जुनी पोलादी पट्टी काही सुटली नाही. पडद्यावरच्या रेघांवरून ती पट्टी ठेवून त्या एकेक तार मोजायच्या. मालक हसायचे, "ताई, आत मोजमाप लिहिलेलं असतं हो!" ताई म्हणायच्या, "लिहिलेलं असतं. मोजलेलं नसतं."

घरी ताई धरून तीन माणसं. नवरा मालगाडीवर गार्ड, त्यामुळे घरी असला तर पाहुणा. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. आणि सासरे, ज्यांना ताई मामंजी म्हणत. मामंजींना एका कानाने अजिबात नाही आणि दुसऱ्याने मर्जीनुसार ऐकू यायचं. सून कामावरून आली की ते चहाचं आधण ठेवायचे आणि विचारायचे, "आज काय काय उजेड पाडलास?" हा विनोद त्यांनी अकरा वर्षं रोज केला, आणि ताई रोज हसल्या.

ताई बावन्न वर्षांच्या असताना एका सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मीटर बदलणारा माणूस बोलत होता. ओळखीचा होता, बऱ्याच इमारतींत त्यांच्या कारखान्याची पॅनलं त्याच्या हाताखालून गेली होती.

"ताई, ती चार मजली इमारत, खाली माशांचं दुकान आहे बघा. तिथल्या दुसऱ्या मजल्याच्या मीटरला टीटीबी नाही."

"असं होणार नाही," ताई म्हणाल्या.

"मी समोर उभा आहे."

"नीट बघा. मीटरच्या खाली असेल, काळ्या झाकणाचा."

"ताई," तो माणूस हळूच म्हणाला, "एकाची बोटं भाजलीत."

झालं होतं ते असं. दुसऱ्या मजल्यावर डायलिसिस सेंटर होतं. त्यांचं मीटर तीनपैकी एका फेजचा आकडाच दाखवेना, म्हणून ते बदलायचं होतं. जिथे वीज जास्त लागते तिथे सगळा प्रवाह मीटरमधून जाऊ देत नाहीत, मीटर जळून जाईल. तिथे तांब्याच्या पट्टीभोवती एक कडं बसवतात. त्याला सीटी म्हणतात. पट्टीतून मोठा प्रवाह जातो आणि कड्यातून त्याचा लहानसा ठरलेला हिस्सा मीटरकडे येतो. या कड्याची एकच अट असते. पट्टीतून वीज जात असताना त्याच्या तारा मोकळ्या सोडायच्या नाहीत. सोडल्या, तर त्या तारांच्या टोकांशी इतका दाब तयार होतो की माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. म्हणून मीटरच्या आधी एक ठोकळा बसवायचा, टीटीबी. त्याच्यातल्या पट्ट्या सरकवल्या की सीटीच्या तारा आपसात जोडल्या जातात आणि मीटर निर्धास्तपणे काढता येतं.

तो ठोकळाच तिथे नव्हता. मीटरवाला म्हणाला, मजल्याची वीज बंद करा, नाहीतर मी हात लावणार नाही. सेंटरवाले म्हणाले, सहा माणसं मशीनला लावलेली आहेत, आत्ता कशी बंद करणार? दोघांची हुज्जत चालली असताना इमारतीचा वायरमन पुढे झाला. "दोन मिनिटांचं तर काम," म्हणाला आणि स्क्रू सैल केला. आतून भुंग्यासारखा आवाज आला, ठिणगी उडाली. तार पुरती सुटायच्या आत मीटरवाल्याने त्याला शर्टाची कॉलर धरून मागे ओढलं.

ताईंनी फोन ठेवला आणि ड्रॉइंग उघडलं. पोलादी पट्टी हातात घेतली, पण तिची गरज लागली नाही. सीटी होत्या. फ्यूज होते. मीटर होतं. मधे सरळ रेघ होती. जिथे ठोकळा असायला हवा तिथून रेघ बिनदिक्कत निघून गेली होती.

आणि तो दिवसही त्यांना लख्ख आठवला. दुसऱ्या मजल्यावर आधी तीन लहान कार्यालयं यायची होती. तीन छोटी साधी मीटरं, त्यांना सीटीही नको आणि टीटीबीही नको. ड्रॉइंग पुरं झालं, मंजूर झालं. मग डायलिसिसवाल्यांनी अख्खा मजला घेतला आणि बदलाचा कागद एका मंगळवारी दुपारी चार वाजता आला. पत्रा दुसऱ्या दिवशी कापायला जायचा होता. मामंजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी होतं आणि नवरा कुठल्या तरी यार्डात अडकला होता. ताईंनी तीन मीटरं पुसली, एक मोठं काढलं, सीटी टाकल्या, पाच वाजता पिशवी उचलली.

मालकांना त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हते. कागद मागवून त्यांनी एकेक पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ताई, हे बघा. इमारतीच्या सल्लागारांनी दिलेल्या बदलाच्या यादीत टीटीबी लिहिलेलाच नाही. मग आपण का टाकायचा? आणि बदललेल्या ड्रॉइंगवर हा त्यांच्या मंजुरीचा शिक्का. त्यांनीही पाहिलंय. तपासणारा म्हणून माझ्या पुतण्याची सही आहे, खाली माझी, आणि पत्रा कापताना मिस्त्रींनीही पाहिलंय. चार जणांच्या नजरेतून गेलेलं ड्रॉइंग आहे. तुम्ही एकट्याच का मनाला लावून घेता?"

"चार जणांनी पाहिलं नाही," ताई म्हणाल्या. "चार जणांनी माझी सही पाहिली."

मालकांनी कागद मिटले. मग म्हणाले, "बरं, काय करायचं म्हणता? मीटर बदलायचं असलं की त्या मजल्याचं स्विच बंद करा, असं कळवून टाकू. बरोबरच आहे ना ते?"

"बरोबर आहे. पण दर वेळी कुणीतरी मशीनला लावलेलं असणार, आणि दर वेळी कुणीतरी म्हणणार, दोन मिनिटांचं काम आहे."

दुपारी ताई त्या वायरमनला बघायला गेल्या. जिन्याखालच्या खोलीत तो बसला होता, उजव्या हाताच्या दोन बोटांना पांढरं फडकं. त्याला वाटलं ह्या बाई त्याला बोल लावायला आल्यात. तोच आधी म्हणाला, "चूक माझीच बाई. आगाऊपणा नडला."

"तुमचा आगाऊपणा होताच," ताई म्हणाल्या. "पण चूक माझी. तिथे एक ठोकळा हवा होता, तो मी ड्रॉइंगमध्ये काढायला विसरले."

वायरमनने मान वर केली. वीस वर्षांत कारखान्यातून कुणी येऊन असं म्हणाल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग हसून म्हणाला, "बाई, बायको म्हणते तीच दोन बोटं भाजलीत ज्यांनी मी तिला खुणावून चहा मागतो. तिच्या मनासारखं झालं."

संध्याकाळी मामंजींनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि ताई हसल्या नाहीत. तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला आणि ऐकू येणारा कान पुढे केला. ताईंनी सांगितलं. मंगळवारचंही सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्याने गॅस बंद केला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या डोळ्यापायी तुझी नजर चुकली."

"तसं नाही हो मामंजी. घाई मी केली. फोन करून पत्रा एक दिवस थांबवता आला असता. मला सुचलंच नाही."

"ते तुझं तू बघ. पण माझा डोळा त्यात आहे. मला काहीतरी काम दे."

टीटीबी बसवणं हे तसं चार तासांचं काम. पण ज्या कप्प्यात सीटी होत्या त्यातूनच अख्ख्या इमारतीच्या मुख्य पट्ट्या जात होत्या. मिस्त्रींनी जागा पाहिली आणि मान हलवली. "इथे हात घालायचा तर सगळा बोर्ड मेला पाहिजे. एक मजला बंद करून भागणार नाही." म्हणजे अकरा गाळ्यांची वीज चार तास बंद. डायलिसिस सेंटर रविवारी बंद असायचं, म्हणून रविवार सकाळ ठरली. राहिले दहा. मालक म्हणाले, जिन्यात नोटीस लावू. ताई म्हणाल्या, मी विचारून येते.

तीन दिवस कारखाना सुटल्यावर त्या मजले चढल्या. काही जणांना रविवारी दुकानच उघडायचं नव्हतं, त्यांनी मान डोलावली. रक्त तपासणाऱ्या लॅबच्या बाईंनी फ्रिजचं काय म्हणून विचारलं, आणि नमुने बर्फाच्या पेटीत ठेवू असं आपणच ठरवलं. नाच शिकवणारी मुलगी म्हणाली, "गाणं नसलं तर टाळ्या वाजवून शिकवीन, पण पंखा नसला तर आया भांडतील," आणि शेवटी वर्ग दुपारवर ढकलला. प्रत्येक दारात ताई तेच वाक्य म्हणायच्या: ड्रॉइंग मी काढलं होतं आणि त्यात एक गोष्ट राहून गेली. पहिल्या दारात त्या वाक्याला त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली होती. सातव्या दारापर्यंत ते नाव-पत्ता सांगावा इतकं सरळ यायला लागलं.

अडलं ते तळमजल्यावर. माशांच्या दुकानाचा म्हातारा मालक काचेच्या टाक्यांमध्ये उभा होता. चोवीस टाक्या, प्रत्येकीत बुडबुड्यांची नळी.

"नाही," तो म्हणाला.

"चारच तास."

"बाई, तुम्ही श्वास चार तास बंद ठेवून दाखवा, मग मी पंप बंद करतो." त्याने एका मोठ्या टाकीकडे बोट दाखवलं. आत ताटाएवढे, चपटे, केशरी ठिपक्यांचे मासे होते. "मागच्या उन्हाळ्यात कुणी न सांगता वीज घालवली होती. संध्याकाळी यांचे भाऊबंद उलटे तरंगत होते. एकोणीस. माझ्या हाताने काढले."

ताई तिथल्या स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पंप करतो काय? हवा घालतो?"

"हवा घालतो, पाणी हलवतो. पाणी हललं पाहिजे."

"मग हाताने हलवलं तर?"

"चोवीस टाक्या? मी एकटा?" तो हसला, पण त्याला ते पटलेलं दिसलं. बॅटरीवर चालणारे सहा पंप त्याच्याकडे होते. मोठ्या टाक्या त्यावर निघाल्या असत्या. राहिल्या अठरा. मगाने पाणी उचलायचं आणि वरून धारेने सोडायचं, सारखं, न थांबता.

"माझ्या घरी एक माणूस आहे," ताई म्हणाल्या. "त्याला काम हवंय."

रविवारी सकाळी आठ वाजता मिस्त्रींनी मुख्य स्विच पाडलं. पट्ट्या मेल्यात की नाही हे तपासणीच्या दिव्याने तीनदा पाहिलं, स्विचला कुलूप घातलं, किल्ली ताईंच्या हातात दिली. "जोवर मी आत आहे तोवर ही सोडायची नाही," म्हणाले. ताईंनी किल्ली मुठीत ठेवली आणि दुसऱ्या हाताने ड्रॉइंग धरून उभ्या राहिल्या. मिस्त्री एकेक तारेचा क्रमांक मोठ्याने वाचायचे, ताई कागदावर बोट ठेवून हो म्हणायच्या.

पलीकडून माशांच्या दुकानातून पाण्याच्या धारेचा आवाज येत होता, आणि दोन म्हाताऱ्यांचा.

"जोरात नको, लहान मासे घाबरतात!"

"हो हो, मी तिसऱ्यांदा भरतोय!"

"घाबरतात म्हटलं!"

"मी नाही घाबरत!" मामंजी ओरडले.

मिस्त्रींचं डोकं कपाटात होतं, पण पाठ हसताना हलत होती.

काम चार तासांत आटोपलं नाही. ठोकळ्याला ताईंनी जिथे जागा धरली होती तिथे मागून एक आडवी पट्टी निघाली, तीही ड्रॉइंगमध्ये नव्हती, कारखान्यात कुणीतरी मजबुतीसाठी लावलेली. मिस्त्री बाहेर आले, घाम पुसला आणि ताईंकडे पाहिलं. ती पट्टी त्यांनीच लावली होती. "राहून गेलं सांगायचं," म्हणाले. ताई म्हणाल्या, "ठीक आहे. डावीकडे वीस मिलिमीटर सरका." एवढंच बोलणं झालं. पाऊण तास जास्त लागला.

पावणेएकला किल्ली परत गेली आणि दिवे आले. चोवीस टाक्यांत बुडबुडे एकदम उठले. मामंजी शर्ट कोपरापर्यंत ओला करून, उजवा हात डाव्या हाताने धरून बसले होते. माशांचा म्हातारा टाक्यांवरून मोजत चालला होता. पुटपुटणं थांबलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली. दोन गेले होते, बोटाच्या पेराएवढे. "हे तसेही आजारी होते," तो म्हणाला. खरं म्हणाला की ताईंसाठी म्हणाला, ते त्यांना कळलं नाही.

रविवारी मीटरवाल्याची सुट्टी असायची. दुसऱ्या आठवड्यात त्याने डायलिसिसचं मीटर भर दुपारी बदललं. सहाही माणसं मशीनला होती आणि कुणाला पत्ताही लागला नाही. त्याने ताईंना फोन केला, "बारा मिनिटं लागली." ताईंनी बारा हा आकडा टेबलावरच्या कागदावर लिहिला आणि उगीचच त्याच्याभोवती चौकट काढली.

इथे गोष्ट संपली असं मालकांना वाटलं. ताईंचं मन मात्र स्वस्थ बसेना. त्यांना एका गोष्टीचा विचार पुन्हापुन्हा यायचा. चुकीची रेघ डोळ्यांना खुपते. न काढलेली रेघ कुणाला खुपणार? कागद तर स्वच्छ दिसतो. तेहेतीस वर्षं त्यांनी कागदावर जे आहे तेच मोजलं होतं, पट्टी लावून लावून.

तेव्हापासून त्यांनी एक नवीन खोड लावून घेतली. ड्रॉइंग झालं की त्या मिस्त्रींना बोलावायच्या आणि विचारायच्या, "हे मीटर उद्या काढायचं झालं, तर तुम्ही कसं काढाल?" मिस्त्री आधी कंटाळायचे. मग हवेत हात करून दाखवायला लागले. आधी हे झाकण, मग हा स्क्रू, मग इथे... आणि हात जिथे अडखळायचा तिथे ताई पेन्सिलीने खूण करायच्या. मालकांच्या पुतण्यालाही त्यांनी सांगितलं, नुसती सही करायची नाही, हात करून दाखवायचे. तो पहिल्यांदा लाजला. कारखान्यात लोक म्हणायला लागले, ताईंनी नाचाचा वर्ग काढलाय.

आणि त्यांनी जुनी ड्रॉइंगं काढली. कॉम्प्युटरमधली आधी, मग माळ्यावरच्या कागदांच्या सुरळ्या. रोज जेवणाच्या सुट्टीत थोडी थोडी. चार महिने लागले. आणखी तीन ठिकाणी तेच राहून गेलेलं सापडलं. तिन्ही मंजुरीनंतर बदललेली कामं.

पहिली इमारत पाडून तिथे वाहनतळ झाला होता. ताई तिथे जाऊन रिकाम्या जागेकडे बघून परत आल्या.

दुसरी एक छापखान्याची. त्यांनी परवानगी काढून पॅनल उघडलं, आणि बघतात तर आत टीटीबी होता. त्यांच्या कारखान्याचा नव्हे. कुणीतरी कधीतरी येऊन बसवला होता. तारा काटकोनात वळवलेल्या, प्रत्येक तारेला हाताने लिहिलेला क्रमांक, अक्षर बारीक आणि जपून काढलेलं. छापखान्यात कुणालाच आठवेना की ते कुणी केलं. ताई कितीतरी वेळ ते काम बघत होत्या. कुणा अनोळखी माणसाने त्यांचं राहिलेलं पुरं केलं होतं आणि कुणाला न सांगता तो दार लावून निघून गेला होता.

तिसरं फर्निचरचं मोठं दुकान. तिथला मॅनेजर म्हणाला, "चालतंय ना? मग राहू दे. दुकान बंद ठेवायला मी रिकामा नाही." ताईंनी खूप समजावलं. शेवटी त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला लाल रंगाने लिहायची परवानगी मागितली. तेवढी मिळाली. मीटरला हात लावण्याआधी या दुकानाचं मुख्य स्विच बंद करा. सीटीची तार चालू विजेवर सोडू नका. जीव जाईल. त्यांनी स्वतः लिहिलं, पट्टी लावून, सरळ ओळीत.

दरवर्षी एकदा त्या तिथे जायला लागल्या. रंग उडाला असेल तिथे गिरवायच्या. पहारेकऱ्याला सवय झाली होती, तो टॉर्च घेऊन शेजारी उभा राहायचा आणि विचारायचा, "बाई, हे सरकारी काम आहे का?" ताई म्हणायच्या, "नाही हो, घरचं."

चौथ्या वर्षी गेल्या तेव्हा मॅनेजर नवीन होता. तरुण, हातात किल्ल्यांचा जुडगा. तो त्यांच्या मागे येऊन उभा राहिला, लाल अक्षरं वाचली, पुन्हा वाचली.

"हे नीटच का करून घेत नाही?" त्याने विचारलं.

ताईंनी ब्रश डबीवर आडवा ठेवला आणि चष्मा काढून पुसला.

"रविवारी तुमचं दुकान किती वाजता उघडतं?" त्या म्हणाल्या.